अनाहूत वाचक : मुलींसाठीची संहिता आणि प्रौढ पुरुष

१

प्रत्येक संहिता कोणाला तरी उद्देशून रचलेली असते. हा ‘कोणी तरी’ म्हणजे प्रत्यक्षातला वाचक नव्हे. संहितेच्या घडणीतूनच त्याची जागा सिद्ध झालेली असते. वुल्फगांग इझर यांनी १९७२ साली या जागेचा विचार मांडला. त्यांच्या संज्ञेला ‘अभिप्रेत वाचक’ असा मराठी पर्याय वापरता येईल. प्रत्यक्ष वाचक या जागी येऊन बसतो, तेथून संहितेतल्या रिकाम्या जागा भरत जातो आणि अर्थनिर्मिती होते, असे या मांडणीचे स्थूल स्वरूप आहे. मात्र ज्याच्यासाठी ती जागा मांडलेलीच नाही असा वाचक तेथे येऊन बसला, तर वाचनव्यवहाराचे काय होते, हा प्रश्न तिच्यात बाजूला राहतो. अशा वाचकाला प्रस्तुत लेखात ‘अनाहूत वाचक’ म्हटले आहे.

स्त्रीवादी समीक्षेने या प्रश्नाची एक बाजू फार पूर्वीच पुढे आणली. ज्युडिथ फेटर्ली यांनी १९७८ साली अमेरिकन कथात्म साहित्याचा विचार करताना दाखवून दिले, की पुरुषाला उद्देशून लिहिलेली संहिता वाचताना स्त्रीला स्वतःच्या विरोधात उभे राहून, पुरुषाच्या नजरेने वाचावे लागते. येथे स्त्री ही अनाहूत वाचक आहे. पण ती आपखुशीने आलेली नाही. अभ्यासक्रमात, ग्रंथालयात, प्रतिष्ठित वाङ्मयात जे उपलब्ध होते ते तेवढेच होते. म्हणूनच तिच्या या सीमोल्लंघनाकडे कोणी कुतूहलाने पाहिले नाही. उलट, ते सुशिक्षितपणाचे लक्षण मानले गेले.

याची उलट बाजू मात्र समीक्षेने फारशी तपासलेली नाही. मुलींना, त्यातही लहान मुलींना उद्देशून रचलेली संहिता प्रौढ पुरुष आवडीने, वारंवार आणि गांभीर्याने ‘वाचतो’ तेव्हा काय घडते? तो सक्तीने आलेला नसतो. त्याच्यासाठी वेगळ्या पंगती मांडलेल्या असतानाही तो या पंगतीत येऊन बसतो. त्याच्याविषयीची सर्वसाधारण प्रतिक्रिया दोनच शब्दांत संपते : बालिशपणा किंवा विकृती. दोन्ही शब्द निदान करतात. वाचनाचे वर्णन करीत नाहीत. गेल्या काही दशकांत मुलींसाठीच्या कार्टून मालिकांभोवती प्रौढ पुरुषांचे जे चाहतेवर्ग उभे राहिले, त्यांनी हे वर्णन करण्याची निकड निर्माण केली आहे. हा प्रकार वरकरणी परदेशी वाटतो. परंतु मुलींच्या खेळात शिरणारा प्रौढ पुरुष आपल्या परंपरेलाही अपरिचित नाही, आणि ती परंपरा शेजारी ठेवली तर या नव्या वाचकाचे मूल्यमापन कोणत्या निकषावर करावे हे अधिक स्पष्ट होते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

सर्वांत गाजलेले उदाहरण ‘माय लिटल पोनी : फ्रेंडशिप इज मॅजिक’ या अमेरिकन मालिकेचे आहे. ‘माय लिटल पोनी’ ही मुळात हॅसब्रो या कंपनीची १९८० च्या दशकातली खेळणी : रंगीत आयाळीची, विंचरता येतील अशा शेपट्यांची छोटी घोडुली. ही खेळणी मुलींसाठी आहेत हे त्यांच्या रंगापासून वेष्टनापर्यंत सर्वत्र ठसवलेले होते. १० ऑक्टोबर २०१० रोजी सुरू झालेली नवी मालिका लॉरेन फाउस्ट यांनी विकसित केली. मुलींसाठीच्या कार्यक्रमांत सर्व पात्रे सारखीच गोड आणि सारखीच पोकळ असतात, या रूढीविषयी त्यांची नाराजी होती. म्हणून त्यांनी सहा मैत्रिणींना सहा स्वभाव दिले : एक ग्रंथांत बुडालेली, एक धाडसी खेळाडू, एक शेतकरीण, एक कपड्यांची कारागीर, एक बुजरी पण प्राण्यांत रमणारी आणि एक सदा उत्सवी. मुलगी असण्याची रीत एकच नसते हे सांगणे हा या योजनेचा हेतू होता.

मालिका सुरू झाल्यावर काही महिन्यांतच तिला किशोरवयीन आणि प्रौढ पुरुषांचा मोठा चाहतावर्ग मिळाला. ‘ब्रो’ आणि ‘पोनी’ यांच्या जोडणीतून ‘ब्रोनी’ हा शब्द घडला. २०११ साली या चाहत्यांचे ‘ब्रोनीकॉन’ हे संमेलन न्यूयॉर्कमध्ये सुरू झाले आणि २०१९ साली बाल्टिमोर येथे झालेल्या शेवटच्या संमेलनाला दहा हजारांहून अधिक माणसे जमली. मालिकाही त्याच वर्षी, नऊ पर्वांनंतर, संपली.

हे पुरुष नेमके काय पाहत होते? संहितेच्या रचनेतच एक उत्तर सापडते. पहिल्या पर्वात अनेक भाग पत्राने संपतात. ग्रंथवेडी नायिका आपल्या गुरूला, म्हणजे राजकन्येला, त्या दिवशी मैत्रीविषयी जे शिकली ते कळवते. हे पत्र कथेतल्या राजकन्येला उद्देशून आहे, पण त्याची खरी धनी पडद्यासमोर बसलेली मुलगी आहे. प्रौढ पुरुष हे पत्र ऐकतो तेव्हा तो दुसऱ्याला आलेले पत्र वाचत असतो. त्या पत्रात मत्सर कसा ओळखावा, चूक कशी कबूल करावी, घाबरलेल्या मैत्रिणीला कसे सांभाळावे, याचे शिक्षण असते. मुलाला उद्देशून रचलेल्या साहसकथांत मैत्री गृहीत धरलेली असते. ती संकटात कसोटीला लागते, पण ती कशी करावी आणि कशी टिकवावी हे तेथे क्वचितच शिकवले जाते. मुलींच्या संहितेत मैत्री हा अभ्यासाचा विषय असतो. जे पत्र आपल्याला कधी आलेच नाही ते वयाच्या पंचविशीत दुसऱ्याच्या पत्त्यावर सापडावे, अशी या वाचकाची अवस्था आहे. तिला बालिश म्हणणे म्हणजे त्याच्या शिक्षणातली उणीव त्याच्याच माथी मारणे होय.

या उणिवेची किंमत कोठे मोजावी लागते हेही लक्षात घेतले पाहिजे. २०१४ साली अमेरिकेतल्या एका शाळेने नऊ वर्षांच्या एका मुलाला या मालिकेचे चित्र असलेले दप्तर शाळेत आणू नकोस असे सांगितले. कारण इतर मुले त्यावरून त्याचा छळ करीत होती. टीका झाल्यावर तो निर्णय मागे घेण्यात आला. प्रौढ चाहता हसे झेलू शकतो. पण ते हसे मूळचे या नऊ वर्षांच्या मुलासाठी राखलेले असते.

३

आता आपल्याकडे वळू. आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते, लोणंदचा मुक्काम होतो आणि तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. रिंगणाच्या आधी-नंतर वारकरी खेळ खेळतात. त्यांत हुतूतू, हमामा असतात, तशी फुगडीही असते. फुगडी हा नागपंचमीचा, मंगळागौरीचा, मुली-बायकांचा खेळ. वारीत मात्र पिकल्या मिशांचे गृहस्थ एकमेकांचे हात धरून, पाय जुळवून गरगर फिरतात. यावर कोणी भुवई उंचावीत नाही. बालिशपणाचा आरोप होत नाही, मग विकृतीचा कोठून होणार? उलट, एकनाथांनी आणि तुकारामांनी फुगडीवर रचना करून या खेळाला आध्यात्मिक अर्थ दिला आहे. मानपान, वय, प्रतिष्ठा यांचे गाठोडे खाली ठेवल्याखेरीज फुगडी घालता येत नाही, आणि ते खाली ठेवणे हेच तर भक्तीचे साधन आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी, की आपल्या संस्कृतीने पुरुषाला मुलींच्या जगात शिरण्याची मुभा दिली आहे, पण ती परवान्यासह. भक्ती हा एक परवाना. विरहिणी आणि गौळणी पुरुष संतांनीच लिहिल्या. रंगभूमी हा दुसरा. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले तेव्हापासून बालगंधर्वांपर्यंत पुरुषाने स्त्री होणे हे मराठी रसिकाला केवळ मान्यच नव्हे तर प्रिय होते. परवाना असेल तर हळवेपणा रसिकता ठरतो. परवाना नसेल तर तोच हळवेपणा हास्यास्पद होतो. कार्टूनच्या प्रौढ चाहत्याजवळ परवाना नाही, हाच त्याचा पहिला अपराध. म्हणून तो स्वतःच परवाने तयार करतो : एक सामूहिक नाव, संमेलन, दानधर्माचे उपक्रम, आणि आपण हे सारे थट्टेने करीत आहोत असा एक बचावाचा सूर.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. वारकरी फुगडी घालतो म्हणून गावातल्या मुलींची फुगडी कमी होत नाही. तो खेळतो, दमतो, धापा टाकीत हात सोडतो आणि पुढे चालू लागतो. खेळाचे नियम बदलत नाहीत, खेळाची मालकी बदलत नाही. तो मुलीच्या जागी काही क्षण उभा राहतो. मुलीकडे पाहत बसत नाही.

फुगडीहून थोडे वेगळे उदाहरण हादग्याचे. पुण्याकडे ज्याला भोंडला म्हणतात त्याला सांगली, माधवनगर, बुधगाव या पट्ट्यात हादगा हाच शब्द आहे. आश्विनात, हस्त नक्षत्राच्या दिवसांत, हत्तीचे चित्र मध्ये ठेवून मुली फेर धरतात. पहिल्या दिवशी एक गाणे, मग दोन, अशी चढती संख्या सोळापर्यंत जाते आणि शेवटी खिरापत ओळखायची असते. या फेराचे एक अलिखित अंग म्हणजे फेराबाहेरचे मुलगे. त्यांना फेरात घेत नाहीत. ते ओट्यावर, पायरीवर, भिंतीवर बसून खिरापतीची वाट पाहतात. वाट पाहता पाहता सोळाच्या सोळा गाणी त्यांना पाठ होतात. माहेरी जाण्याची परवानगी मागणारी सून, तिला सासूकडून सासऱ्याकडे, सासऱ्याकडून दिराकडे धाडणारे घर, ही रचना मुलींना त्यांच्या उद्याची तोंडओळख करून देण्यासाठी आहे. ती मुलाच्या कानावर पडते तेव्हा त्याला काय मिळते? आपण उद्या ज्या घरात दीर किंवा नवरा म्हणून वावरणार, ते घर दाराआडून कसे दिसते हे त्याला ऐकायला मिळते. हे ज्ञान दुसरी कोणतीही संहिता त्याला देत नाही. तो मोठा होतो आणि ही गाणी आपल्याला येतात हे कबूल करायला लाजतो, हा भाग वेगळा.

जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत हा भिंतीवरचा मुलगा प्रत्यक्ष समीक्षा-व्यवहारात उतरला. पहाटे जात्याशी बसलेली आई गाते आणि अंथरुणात जागा झालेला मुलगा ऐकतो; मराठी लोकसाहित्य-संकलनाच्या मुळाशी हे चोरटे ऐकणे आहे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ या ग्रंथात बायकांच्या ओव्या नात्यांच्या आणि विषयांच्या क्रमाने एकत्र आणल्या. या वाङ्मयाला मराठी अभ्यासकांनी ‘अपौरुषेय’ असे विशेषण वापरले. वेदांचा मान त्याला देऊ करणारे हे विशेषण दुसऱ्या अर्थाने अगदी साधे सत्य सांगते : हे पुरुषांचे नाही. आणि तरीही ते मोठ्या प्रमाणात पुरुषांच्या हातून मुद्रणात आले.

मुद्रणात येताना काही हरवण्याचा धोका असतोच. जात्याशी गाणारी बाई ज्या सखीला, भावाला, लेकीला उद्देशून गाते, ती उद्देशून असण्याची क्रिया छापील पानावर विझते. उरते ते ‘स्त्रीहृदयाचे दर्शन’, म्हणजे पाहणाऱ्याच्या सोयीची वस्तू. हेमा राईरकर आणि फ्रेंच मूळ असलेले गी प्वातव्हाँ यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेल्या ओवी-संकलनाने या धोक्याला पद्धतीच्या पातळीवर उत्तर दिले. एक लाखाहून अधिक ओव्या, एक हजाराहून अधिक गावे, आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव यांची नोंद. परक्या देशातून आलेला पुरुष येथे अनाहूत श्रोता होता यात शंका नाही. परंतु ओवी कोणाची हे विसरायचे नाही ही अट त्याने स्वतःवर घालून घेतली.

४

आता कार्टूनच्या चाहत्यांकडे परत येऊ. फुगडी, हादगा, ओवी यांच्या बाबतीत न उद्भवणारी एक गोष्ट येथे उद्भवते, ती म्हणजे बाजार. लोकपरंपरेत अनाहूत श्रोत्याला संहिता बदलता येत नाही, कारण ती त्याच्यासाठी उत्पादित होत नाही. मालिका मात्र उत्पादित होते, आणि उत्पादकाला नवा ग्राहक दिसला की संहिता त्याच्याकडे तोंड वळवते.

‘पोनी’ मालिकेत हे वळणे टप्प्याटप्प्याने पाहता येते. पार्श्वभूमीवरच्या एका तिरळ्या डोळ्यांच्या घोडीला चाहत्यांनी ‘डर्पी’ हे नाव दिले. जानेवारी २०१२ मधील एका भागात निर्मात्यांनी ते नाव पात्राच्या तोंडी घालून तिला संवाद दिला. ही चाहत्यांना दिलेली दाद होती. परंतु नावात आणि बोलण्यात मतिमंद व्यक्तींची थट्टा आहे अशी तक्रार आली आणि नंतरच्या आवृत्तीत नाव काढून आवाज बदलण्यात आला. चाहते यामुळे नाराज झाले. या वादात एक प्रश्न कोणी फारसा विचारला नाही : ज्या सहा-सात वर्षांच्या मुलीसाठी मालिका होती तिला या विनोदाचा संदर्भ तरी ठाऊक होता का? पुढे २०१५ साली मालिकेचा शंभरावा भाग पार्श्वभूमीवरच्या, म्हणजे मुख्यतः प्रौढ चाहत्यांनी उचलून धरलेल्या, पात्रांनाच वाहिलेला होता. अभिप्रेत वाचकाची जागा आता दोघांत वाटली गेली होती, आणि त्यांतल्या एकालाच सगळ्या सूचक खुणा उलगडत होत्या.

जपानमध्ये हीच प्रक्रिया अधिक दीर्घकाळ आणि अधिक दूरवर गेली. नाओको ताकेउची यांची ‘सेलर मून’ ही चित्रकथा मुलींच्या ‘नाकायोशी’ या मासिकात आली आणि १९९२ साली तिची दूरदर्शन मालिका झाली. शाळकरी मुली एकमेकींच्या आधाराने जगाचे रक्षण करतात हे तिचे सूत्र; त्या मुली मैत्रिणी म्हणून लढतात, हे तिचे नावीन्य. तिला प्रौढ पुरुषांचा मोठा चाहतावर्ग मिळाला. ‘जादूगार मुलगी’ या प्रकाराला असे चाहते १९८० च्या दशकापासूनच होते, आणि जपानी भाषेत त्यांना ‘मोठे मित्र’ या अर्थाचा एक खोचक शब्दप्रयोगही आहे. पुढे या प्रकाराची सामग्री उचलून थेट प्रौढांसाठी, रात्री उशिरा दाखवल्या जाणाऱ्या मालिका निघाल्या. २०११ ची ‘माडोका मॅजिका’ ही त्यांतली कलादृष्ट्या सर्वांत समर्थ. मुलीला जादू देणारे गोजिरवाणे प्राणी येथे तिचे शोषण करणारे निघतात. प्रकाराचे स्वतःविषयीचे भाष्य म्हणून ही मालिका मोलाची आहे. तरीही एक वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही : मुलींसाठी निर्माण झालेला प्रकार येथे मुलींविषयीचा झाला. मुलगी प्रेक्षागृहातून उठून रंगमंचावर गेली आणि तिच्या खुर्चीवर दुसरे कोणी बसले.

चाहत्यांच्या निर्मितीचा एक भाग याहूनही पुढे जातो. लहान मुलींच्या पात्रांना प्रौढांच्या वासनेची वस्तू करणारी चित्रे आणि कथा दोन्ही चाहतावर्गांत निर्माण झाल्या, आणि आवडत्या पात्राचे चित्र शोधणाऱ्या मुलीलाही त्यांचा सामना करावा लागू शकतो. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ साली चित्रपटातील पुरुषी नजरेविषयी जे मांडले त्याचा येथे केवळ प्रत्ययच येतो असे नाही. मल्व्हींच्या विवेचनातला चित्रपट निदान प्रौढांसाठी तरी होता. येथे मुलीची स्वतःची जागाच तिच्या पाहिले जाण्याची जागा होते. सर्व चाहत्यांना या एका मापाने मोजणे अन्यायाचे आहे. पण हा भाग अपवाद म्हणून बाजूला सारणेही समीक्षेला शोभणारे नाही.

५

भारतीय काव्यशास्त्राचा अभ्यासक येथे एक आक्षेप घेईल. भट्टनायकाच्या साधारणीकरणाच्या सिद्धान्तानुसार रसास्वादाच्या क्षणी आस्वादकाचे वय, लिंग, नातीगोती हे सारे गळून पडते. सहृदयाला पत्ता नसतो. मग ही मालिका मुलीची आणि हा वाचक अनाहूत, असा भेदच का करावा?

आक्षेप रास्त आहे, आणि प्रौढ चाहत्याच्या बाजूने दिले जाऊ शकणारे सर्वांत भक्कम उत्तरही हेच आहे. पंचविशीतला पुरुष बुजऱ्या घोडुलीच्या भीतीशी तादात्म्य पावतो तेव्हा साधारणीकरणच घडत असते. ती भीती घोडीची राहत नाही, मुलीची राहत नाही आणि त्याची एकट्याचीही राहत नाही. परंतु सिद्धान्त आस्वादाच्या क्षणाविषयी बोलतो. क्षण संपल्यावर सहृदय घरी जातो, खरेदी करतो, पत्र लिहितो, निर्मात्याकडे मागणी करतो; तेव्हा त्याचे वय, लिंग आणि खिसा हे सारे परत आलेले असते. फेटर्लींचा अनुभवही येथे स्मरणात ठेवावा लागतो. आजवर साधारणीकरणाच्या नावाखाली स्त्रीनेच पुरुषाच्या जागी जाऊन बसण्याची सवय लावून घेतली. पुरुषाने उलट दिशेने जाणे हे म्हणूनच स्वागतार्ह आहे. मात्र तेथे पोचल्यावर त्याने ती जागाही आपली करून घेतली, तर जुनाच व्यवहार नव्या दाराने आत येतो.

निकष त्यामुळे वयाचा किंवा लिंगाचा नाही. आवडीच्या तीव्रतेचा तर नाहीच. अनाहूत वाचकाला विचारण्याचा प्रश्न एवढाच, की तू आल्यानंतर जिच्यासाठी जागा मांडली होती तिला बसायला जागा उरली का? फुगडीत ती उरते. ओवीच्या संकलनात ती उरावी म्हणून श्रम घ्यावे लागतात, नाव आणि गाव लिहून ठेवावे लागते. कार्टूनच्या बाजारात ती आपोआप उरत नाही. तेथे ती राखणे हे चाहत्याचे, निर्मात्याचे आणि समीक्षकाचे काम आहे. ब्रोनींपैकी जे पालक म्हणून, कलावंत म्हणून, संमेलनात लहान मुलींसाठी वेगळे दालन मांडणारे म्हणून वावरले, त्यांनी ते केले. ज्यांनी मालिका आपल्यासाठीच आहे असे मानले, त्यांनी केले नाही.

मराठी समीक्षेपुरता यातून एक उद्योग सुचतो. आपण बालसाहित्याची चर्चा बहुधा संस्कार आणि मनोरंजन या दोन खणांत करतो, आणि मुलींच्या वाङ्मयाची चर्चा लोकसाहित्याच्या दालनात ठेवून देतो. मुलींना उद्देशून रचलेल्या संहितांचा मुलांनी आणि पुरुषांनी केलेला आस्वाद हा वाचनाच्या इतिहासाचा एक स्वतंत्र विषय आहे. त्याची साधने आपल्याजवळ भरपूर आहेत : संतांच्या गौळणी, जात्याच्या ओव्या, हादग्याच्या वह्या, आणि आज घरोघरी बहिणीशेजारी बसून तिचे कार्टून पाहणारा भाऊ. हा भाऊ ते कार्टून आवडते म्हणून सांगायचे टाळतो. हादग्याच्या भिंतीवरच्या मुलाप्रमाणेच त्याला सारे पाठ असते. त्याला हसले नाही तर तो पुढे कसला वाचक होईल, हे पाहण्याची संधी आपण आजवर फार थोड्या वेळा घेतली आहे.